टोमॅटोचे बूड काळे का पडते?

परसात लावलेल्या टोमॅटोला पहिली फळे धरली की घरातील लहानथोर सारेच दिवसातून एकदा तरी झाडापाशी जाऊन येतात. फळ लिंबाएवढे होते आणि एके दिवशी त्याच्या बुडाशी, म्हणजे जेथून फूल गळले त्या टोकाला, पाणी भरल्यासारखा डाग दिसू लागतो. पुढे तो काळपट, चामड्यासारखा होऊन आत दबतो. देठाकडची बाजू मात्र ठणठणीत असते. ढोबळी मिरचीतही हेच घडते; तिथे डाग पुष्कळदा बुडाजवळ एका अंगाला पडतो.

‘कीड लागली’ म्हणून आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. परंतु हा विकार किडीचा नाही आणि बुरशीचाही नाही. डागावर दिसणारी बुरशी मागाहून येते. फळ वाढत असताना त्याच्या टोकाला कॅल्शियम कमी पडते, हे याचे मूळ. 1940 च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी या कारणाकडे लक्ष वेधले.

मग आपल्या जमिनीत कॅल्शियम नाही की काय? दख्खनच्या काळ्या जमिनीत ते सहसा भरपूर असते. अडचण ते पोहोचण्याची आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळांतून वर चढते. पानांतून पाण्याची वाफ सतत होत असल्याने बहुतेक पाणी पाने ओढून घेतात. फळाच्या तुकतुकीत सालीतून वाफ फारशी होत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडेच येते. पानात गेलेले कॅल्शियम पुन्हा फळाकडे वळतही नाही. पाटाचे पाणी कमी झाले की टोकाचे शेत आधी सुकते, तशीच ही गत!

इंद्रायणीकाठच्या आपल्या आंबीत पावसाळ्यात माती चिंब होते. पाणी साचले की मुळे गुदमरतात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचे ऊन तापते, कुंडीतली माती दिवसात कोरडी पडते आणि आपण आठवण झाली की एकदम बादलीभर पाणी ओततो. ही ओढाताणच फळाला भोवते.

तेव्हा पहिला उपाय नियमित पाण्याचा. मातीत बोट खुपसून पाहावे. वरचा थर सुकला असेल तर मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. तिच्या तळाचे भोक मोकळे ठेवावे. आळ्यात भाताचा पेंढा दोन-तीन इंच पसरावा. मावळात तो घरोघरी मिळतो. झाडाच्या बुंध्याशी खोल खुरपू नये. युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण त्याने पाने माजतात आणि फळाचा वाटा आणखी घटतो. चुना घालायचा तर माती तपासून, ती आम्ल निघाली तरच, आणि लागवडीपूर्वी. अंड्याची टरफले फार सावकाश कुजतात. त्यांचा या हंगामात उपयोग नाही. पानांवर फवारलेले कॅल्शियमही फळात फारसे उतरत नाही.

डाग पडलेले फळ सुधारत नाही. ते तोडून टाकावे. झाड मात्र उपटू नये. पाण्याची घडी बसली की पुढची फळे बहुधा निर्दोष येतात. चार पैसे मिळावेत म्हणून दोन वाफे लावणाऱ्याचा औषधावरचा खर्च तेवढ्याने वाचतो, आणि घरच्या भाजीवर विनाकारण विष पडत नाही.