औंढ्याची बारव

फ्रान्स देशांतील अनेक खेड्यांच्या चौकांत जुनें दगडी कारंजें असतें. घरोघरीं नळ आले तरी गांवकरी तें मोडीत नाहींत. असें कांहीं वाचनांत आलें म्हणजे आम्हांस आपल्या बारवांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाचें हेमाडपंती देऊळ यादवकालीन. तेथें देवदर्शनासाठीं गाभाऱ्यांत खालीं उतरावें लागतें, आणि पाण्यासाठींही. आवारांतील पायविहिरीस ‘सासू-सुनेची बारव’ म्हणतात. नांवाचा उगम कांहींही असो. ज्या पायऱ्या सासू उतरली त्याच सून उतरली, एवढा अर्थ त्यांत आम्हांस दिसतो.

विहिरी, तळीं व देवळें बांधण्यास आपल्या शास्त्रकारांनीं ‘पूर्त’ म्हटलें व यज्ञयागादि ‘इष्टा’च्या पंक्तीस बसविलें. ‘अपराजितपृच्छा’ ग्रंथांत वापीचे चार प्रकार आहेत: एका प्रवेशाची नंदा, दोहोंची भद्रा, तिहींची जया आणि चोहोंची विजया.

याच जिल्ह्यांतील नरसी गांवाशीं ज्यांचें नांव निगडित आहे त्या नामदेवांची कथा सर्वश्रुत आहे. तीर्थयात्रेंत मरुभूमींत तहान लागली. ज्ञानदेव योगबळानें खोल विहिरींत उतरून पाणी प्याले, नामदेवांनीं विठ्ठलाचा धांवा करतांच पाणीच वर आलें. सामान्य माणसास या दोहोंपैकीं कांहींच साधत नाहीं, त्याच्यासाठीं पायऱ्या!

मात्र याच पायऱ्यांनीं अपायही केला. नारूचा रोगी पाण्यांत पाय बुडवी, जंतूचीं पिलें पाण्यांत सुटत आणि तेंच पाणी गांव पिई. म्हणून कित्येक पायविहिरींचें पाणी पिणें बंद करण्यांत आलें. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. हें उत्तमच झालें. परंतु पाणी पिणें थांबलें म्हणून बारवेंत केरकचरा लोटावा, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? गाळ उपसला तर झरे मोकळे होतात व तें पाणी बागेस तरी उपयोगीं पडतें.

अलीकडे महाशिवरात्रीस तरुण मंडळी ठिकठिकाणच्या बारवा झाडून तेथें दिवे लावतात, हें पाहून आम्हांस समाधान वाटतें. औंढ्यास ‘ऋणमोचन’ नांवाचेंही एक तीर्थ आहे. पूर्वजांनीं खणलेल्या पाण्याचें ऋण नुसत्या स्नानानें फिटेल असें आम्हांस वाटत नाहीं; वर्षांतून एकदां तरी घरांतील लहानथोरांनीं हातीं खराटा व घमेलें घेऊन आपल्या गांवची बारव उतरावी.