टॉनिकने विष उतरत नाही

ब्रॉयलरच्या शेडमध्ये औषधांच्या डब्यांशेजारी लिव्हर टॉनिकचा कॅन हटकून दिसतो. अँटिबायोटिक सुरू केलं की टॉनिकही सुरू, असा बहुतेकांचा शिरस्ता. टॉनिक द्यायला हरकत नाही. पण ते चालू आहे म्हणून औषधाकडे कानाडोळा केला तर अख्खी बॅच हातची जाऊ शकते.

गैरसमज : अँटिऑक्सिडंट दिलं की कुठल्याही औषधाची बाधा टळते.

वस्तुस्थिती : पेशीच्या आवरणातली चरबी ऑक्सिडेशनने खराब होऊ लागते, तेव्हा 'ई' जीवनसत्त्व ही साखळी मध्येच तोडतं. सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमचा घटक. म्हणून ही जोडी एकत्र दिली जाते. जेंटामायसिनमुळे मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेत ऑक्सिडेशनचा हात असतो, तिथे हिचा थोडाफार आधार मिळू शकतो. पण औषध बाधतं ते दर वेळी याच वाटेने असं नाही.

टायाम्युलिन या अँटिबायोटिकचंच घ्या. कॉक्सी (कॉक्सिडिओसिस) होऊ नये म्हणून खाद्यात बरेचदा सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असतं, आणि गोणीवरचं लेबल फारसं कुणी वाचत नाही. पक्ष्यांना सीआरडीची (श्वसनाच्या जुनाट आजाराची) घरघर लागली की पाण्यातून टायाम्युलिन सुरू होतं. सॅलिनोमायसिन मोडून टाकणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमना टायाम्युलिन अडवतं. मग टनाला ६० ग्रॅमचा, एरवी सहज पचणारा डोस अंगात साठत जातो आणि विषारी ठरतो. पक्षी खाणं सोडतात, पाय लुळे पडतात. काही तर पाय मागे ताणून छातीवर पडून राहतात. मेलेला पक्षी उघडला तर मांडीच्या किंवा हृदयाच्या स्नायूवर फिकट पट्टे दिसू शकतात. इथे मूळ बिघाड आहे तो पेशीतल्या सोडियम-कॅल्शियमच्या तोलाचा. ऑक्सिडेशन त्याच्या मागून येतं. 'ई' आणि सेलेनियम आधीपासून पुरेसं असेल तर स्नायूंचं नुकसान कमी होऊ शकतं, पण यावर उतारा असा नाही. टायाम्युलिन ताबडतोब थांबवायचं, ते खाद्य उचलायचं आणि साधं खाद्य टाकायचं. टायाम्युलिन द्यायचंच असेल तर आधी आणि नंतर किमान ७ दिवस सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असलेलं खाद्य नको. लॅसॅलोसिड या कॉक्सीवरच्याच औषधाशी मात्र टायाम्युलिनचं एवढं वाकडं नाही. तेव्हा पाण्यात काही टाकण्याआधी खाद्य मिलला एक फोन केलेला बरा.

गैरसमज : दुप्पट दिलं तर दुप्पट संरक्षण.

वस्तुस्थिती : सेलेनियमच्या बाबतीत हे घातक आहे. ब्रॉयलरची गरज खाद्याच्या किलोमागे सुमारे ०.१५ मिलिग्रॅम. युरोपीय संघाने एकूण मर्यादा ०.५ वर आखली आहे. ब्रीडरच्या खाद्यात ती मात्रा ५ मिलिग्रॅमच्या आसपास गेली की अंड्यांची उबवण घटते, गर्भात व्यंगं दिसतात. प्रीमिक्समध्ये सेलेनियम, टॉनिकमध्येही सेलेनियम, त्यावर आणखी पावडर. ही बेरीज कुणी करतं का? 'सी' जीवनसत्त्वाची तेवढी चिंता नको, कोंबडी ते स्वतःच तयार करते. कडक उन्हाळ्यात ते कमी पडतं, एवढंच.

गैरसमज : टॉक्सिन बाइंडर काय, अँटिऑक्सिडंट काय, एकच.

वस्तुस्थिती : बाइंडर आतड्यात बुरशीचं विष धरून ठेवतो, रक्तात जाऊन काही करत नाही. उलट बेंटोनाइटसारखी माती टायलोसिनलाही धरून ठेवू शकते, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवला जातो. खाद्यातलं बीएचटी हे अँटिऑक्सिडंट असलं, तरी ते मुख्यतः खाद्य खवट होऊ नये म्हणून असतं.

गैरसमज : टॉनिकमुळे औषध लवकर बाहेर पडतं, पक्षी लवकर विकता येतो.

वस्तुस्थिती : टॉनिक दिलं म्हणून विथड्रॉवल पीरियड (औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत थांबायचा काळ) एक दिवसानेही कमी धरता येत नाही. भारतात २०१२ पासून नियम असा की, औषधाचा स्वतंत्र कालावधी सिद्ध झालेला नसेल तर अंड्यांसाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचं. म्हणजे चाळिसाव्या दिवशी पक्षी उचलायचा असेल तर असं औषध बाराव्या दिवशीच बंद झालेलं हवं, आणि सीआरडी तर बहुधा त्यानंतरच डोकं वर काढते.