गोळी तीच, तपासणी वेगळी

कवितेत हृदय धडधडलं, की आम्हा कवींचं काम भागतं. डॉक्टरांना मात्र ते किती धडधडलं, हे मोजावं लागतं. हृदयविकारावरच्या काही गोळ्या नेमकी ही धडधडच कमी करतात. म्हणून श्रोतेहो, तपासणीला जाताना रोजच्या गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

आमच्या आपांना स्ट्रेस थॅलियम तपासणीआधी बीटा-ब्लॉकरची गोळी दोन दिवस थांबवायला सांगितली. शेजारच्या काकांना सीटी अँजिओग्राफीआधी तीच गोळी मुद्दाम दिली. दोघांनाही वाटलं, कुणातरी एकाचे डॉक्टर चुकताहेत. चूक कुणाचीच नव्हती.

स्ट्रेस तपासणीत फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाला पळवतात आणि त्याच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडतं, ते चित्रात पाहतात. २२० मधून वय वजा करायचं आणि उरलेल्या आकड्याच्या ८५ टक्के ठोके तरी गाठायचे, असा ढोबळ हिशेब असतो. साठीच्या माणसाला मिनिटाला १३६. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गोळ्या नाडीला लगाम घालतात. हृदय पुरेसं पळालंच नाही, तर अरुंद झालेली धमनी लपून राहू शकते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

सीटी अँजिओग्राफीचं उलट. फोटो काढताना मूल हललं, की चेहरा पुसट येतो, तसंच हृदयाचं. म्हणून तिथं ठोके साठच्या आसपास आणतात.

ज्यांना चालणं जमत नाही, त्यांना अ‍ॅडिनोसिनसारखं धमन्या रुंदावणारं औषध शिरेतून देतात. चहा-कॉफीतलं कॅफीन आणि दम्यावरचं थिओफायलिन त्याचा परिणाम रोखतात. म्हणून आधीचे १२ ते २४ तास चहाला रजा. आम्हा चहाबाजांना ही शिक्षाच, पण एका कपापायी तपासणी वाया जाऊ शकते.

मग गोळी आपणच बंद करावी का? हरगिज नाही. बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवला, तर छातीतलं दुखणं उसळू शकतं, झटकाही येऊ शकतो. शिवाय चालू उपचार लागू पडतोय का, हे पाहायचं असेल, तर डॉक्टर गोळ्या चालू ठेवूनच तपासणी करतात.

तेव्हा तारीख घेतानाच गोळ्यांची सगळी पाकिटं पुढे ठेवा. कोणती थांबवायची, किती तास आधी आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे कागदावर लिहून घ्या. त्या सकाळी चुकून गोळी घेतली गेली असेल, तर यंत्रापाशी जाण्याआधीच सांगा.