इंग्रजी शिकवायला आलेली बाई आणि माझा एक विद्यार्थी

दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहणे हा आमच्या भागातल्या माणसाच्या आयुष्याचा एक हिस्साच आहे. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे सोलापूरकडे जायचे तर आधी एस.टी.ने दौंड गाठायचे, आणि मग फलाटावर एखाद्या बाकावर बूड टेकवून बसायचे. मी शिरूरला मराठी शिकवतो. हातात तपासायच्या उत्तरपत्रिका नसल्या की माझे मन त्या बाकावर नको तिकडे भटकते.

या रुळांवरून किती मास्तर गेले असतील, हा त्यातलाच एक विचार. पुण्याहून दिकसाळपर्यंतची गाडी १५ डिसेंबर १८५८ रोजी दौंडवरून धावू लागली. त्या वेळी बोरघाटाचे काम चालूच होते; तो १८६३ मध्ये खुला झाला. आणि त्याच सुमारास पुण्यात विश्रामबागवाड्यात, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या महालात भरणाऱ्या पूना कॉलेजचा मुख्य होता एडविन अर्नोल्ड नावाचा पंचविशीतला इंग्रज. पुढे 'लाइट ऑफ एशिया' लिहून (१८७९) जगभर गाजला तोच हा. साहेब आला होता आपल्या मुलांना शहाणे करायला; पण १८६१ साली परतला तो संस्कृतच्या नादाला लागून, आणि त्याच वर्षी त्याने हितोपदेशाचे इंग्रजी रूपांतर छापले. पुढे १८८५-८६ च्या हिंदुस्थान-प्रवासात तो पुन्हा पुण्यालाही येऊन गेला. शिकवायला यावे आणि शिकून जावे, यात नवल काही नाही. पण तो गेला. मला जिची गोष्ट सांगायची आहे ती बाई राहिली.

मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन बाई १९६१ साली हैदराबादला आली, ती तिथल्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला. विवेकवर्धिनी ही हैदराबादच्या मराठी मंडळींची जुनी संस्था. निजामाच्या राजधानीत, उर्दू-तेलुगूच्या गजबजाटात मराठी माणसांनी जपलेले ते एक घर. योगायोग पाहा, तेलुगूच्या मुलखात आलेल्या या बाईंची गाठ पडली मराठीशी! दोन वर्षे त्यांनी इंग्रजी शिकवले. नंतर भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी १९६६ मध्ये त्या साताऱ्याच्या फलटणला आल्या. हैदराबादहून पुण्याकडे येणारे रूळ याच दौंडवरून जातात. दौंडहून बारामती, बारामतीपुढे नीरा ओलांडली की फलटण. म्हणजे आमच्या शेजारचेच गाव की!

परक्या मुलखातल्या इंग्रजीच्या मास्तराचे दिवस कसे जातात हे आपण ऐकून आहोत. वर्गात मुले "येस सर" म्हणतात, बाहेर बाजारात भाजीवाली दुप्पट भाव सांगते, रविवारी देवळे आणि किल्ले पाहणे होते, आणि वर्ष संपले की ट्रंक भरून, सोबत एक पितळी समई घेऊन माणूस आपल्या देशी परत. आमच्याकडेही असा कोणी आला असता तर आम्ही त्याला रांजणगावचा गणपती दाखवला असता, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवले असते, आणि शिरूरातली कर्नल वॉलेसची कबर तर नक्कीच. (हा साहेब १८०९ मध्ये इथे वारला आणि पुढे लोक त्यालाच सत्पुरुष मानून नवस बोलू लागले! पाहुण्याला आपलेसे करायचे म्हटले की आम्ही कुठवर जातो ते यावरून कळावे.)

बर्नसनबाईंचे पाहणे निराळे होते. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. फलटणच्या पेठांतून कोण 'पाणी' म्हणतो आणि कोण 'पानी', कोण 'आहे' म्हणतो आणि कोण 'हाय', त्याचा जातीशी आणि शाळेशी काय संबंध, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाला हा प्रबंध त्यांनी १९७३ मध्ये दिला. इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी मराठीचे व्याकरण लिहिले, ते १९७५ मध्ये निघाले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारी पुस्तकेही दोघींनी मिळून तयार केली. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

आणि मग या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने फलटणच्या दलित वस्तीतल्या मुलांना काय शिकवले म्हणता? मराठी वाचायला! शाळेत जाऊनही ज्यांना अक्षर लागत नव्हते अशी ही मुले. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, आणि पोर कंटाळून पळून गेल्यावर शब्द, हा आपला पिढीजात क्रम त्यांनी सोडला. थोडी अक्षरे, एकदोन काने-मात्रे, की लगेच अर्थ असलेला शब्द. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था निघाली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. मुंबईत त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले होते. बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची. मुले बाईंना मॅक्सीनमावशी म्हणत.

हे सारे मी प्रथम वाचले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याचे कारण माझ्याच वर्गातले आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शिरूर तालुक्यातल्या एका वाडीचा मुलगा होता. हुशार. ग्रामीण कथेवर चर्चा चालली होती आणि तो उठून म्हणाला, "सर, मपल्या आज्यानं बी असंच रान इकलं व्हतं." या मपलं-तुपलंवर वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "अरे, 'माझ्या आजोबांनी' म्हण. एम. ए. व्हायचंय ना तुला?" ज्या कथेवर आम्ही बोलत होतो तिच्यातली माणसे त्याच्यासारखीच बोलत होती, आणि ती भाषा किती जिवंत आहे हे मी नुकतेच दहा मिनिटे वर्गाला सांगितले होते. मुलगा बसला. त्यानंतर दोन वर्षे त्याने वर्गात तोंड उघडले नाही. उत्तरपत्रिका मात्र शुद्ध असत. एम. ए. ला तो आलाच नाही.

सातासमुद्रापलीकडची बाई ज्या 'पानी'साठी वही-पेन्सिल घेऊन बसली, ते मी, इथलाच, मराठीचाच, लाल शाईने खोडत आलो. माझी आजीही 'पानी'च म्हणत असे.

गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या फलाटावर तो मला भेटला. रेल्वेत लागला आहे. मीच आधी ओळखले नाही. तो पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "कसे आहात सर? आपली प्रकृती बरी आहे ना? चहा घेणार का?" एकेक ण आणि न जागच्या जागी. चहा आला. त्याने मुलांची चौकशी केली, मी त्याच्या घरची केली. त्याची मुलगी इंग्रजी माध्यमात जाते. "तिला पुढे त्रास नको, सर," तो म्हणाला. कसला त्रास ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही.

तेवढ्यात रुळांपलीकडून कोणी हाक मारली. तो वळला आणि मोकळ्या गळ्याने ओरडला, "आरं थांब की, मपलं सर आल्यात!"

माझ्या गाडीची घोषणा झाली. त्याने माझी पिशवी डब्यात ठेवली, खिडकीशी जागा पाहून दिली आणि पुन्हा "येतो सर" म्हणून नीट, शुद्ध निरोप घेतला.