जमिनीची नाडी मोजणारे बिनवायरचे डबे

डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, तसा जमिनीलाही लावता येतो. त्याला जिओफोन म्हणतात. त्यात एक चुंबक आणि स्प्रिंगला टांगलेलं तारेचं वेटोळं असतं. जमीन हलली की चुंबक तिच्यासोबत हलतो, वेटोळं मात्र जागच्या जागी राहू पाहतं. मग तारेत किंचित वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व!

पूर्वी असे शेकडो जिओफोन लांबलचक केबलने एका गाडीतल्या यंत्राला जोडावे लागत. माळरानावर हे चालतं, पण भर शहरात रस्तोरस्ती केबल कशी टाकणार? म्हणून प्रत्येक जिओफोनला स्वतःची बॅटरी, मेमरी आणि जीपीएस दिलं. ऊन-पाऊस, धूळ सोसेल असा घट्ट बंद डबा, खाली टोकदार खिळा. जमिनीत रोवला की काम सुरू. गंमत म्हणजे, वायरलेस म्हटलं तरी यातले बरेच डबे हवेतून नोंदी पाठवतच नाहीत. डबे गोळा करून आणल्यावरच त्या वाचायच्या.

तुम्ही म्हणाल, डबा एका जागी, मग जीपीएस कशाला? घड्याळासाठी! खडकातून लहरी सेकंदाला काही किलोमीटर धावतात. शेजारच्या डब्यापर्यंत त्या क्षणार्धात पोहोचतात. सगळ्यांची घड्याळं तंतोतंत जुळली नाहीत, तर सगळी मेहनत वाया.

अमेरिकेतल्या लाँग बीच शहराचं उदाहरण घेऊ. तिथे २०११ साली तेलक्षेत्राच्या सर्वेक्षणासाठी साधारण १००-१०० मीटरवर ५००० हून जास्त डबे रोवले. त्यांच्या नोंदींत मेट्रो, मोटारी, धावपट्टीवरची विमानंसुद्धा ओळखू आली. शास्त्रज्ञांनी हा गोंगाट फेकून दिला नाही. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत चालणारी थरथर एका डब्याकडून दुसऱ्याकडे किती वेगाने जाते, हे मोजून त्यांनी शहराखालच्या थरांचा नकाशा काढला.

या शहराखालून न्यूपोर्ट-इंगलवूड नावाचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, जाते. १० मार्च १९३३ ला तिथे ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अनेक शाळा ढासळल्या. संध्याकाळची सहाची वेळ होती, मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. महिन्याभरातच शाळांच्या मजबूत बांधकामाचा कायदा झाला. पुढचा भूकंप कधी, हे डबे सांगू शकत नाहीत. पण त्यांच्या नकाशात भ्रंशाजवळ लहरींचा वेग बदललेला दिसतो, आणि तोही वरची घरं, रस्ते न खणता.