ग्लायडरमधली यंत्रे आणि त्यांची पकड

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्यामुळे कोल्हापूरकरांना विमान नवे नाही. ग्लायडर म्हटले की मात्र पुण्याजवळचे हडपसर आठवते. त्याला इंजिन नसते. यांत्रिक रहाटाच्या तारेने ते वर खेचायचे, तार सोडून द्यायची. पुढे वारा आणि वैमानिक.

पूर्वी त्यात चार तबकड्या असत. आता रेडिओ आला, नकाशा दाखवणारे यंत्र आले, जवळ आलेल्या दुसऱ्या ग्लायडरची सूचना देणारेही आले. जागा तेवढीच. माणूस पाय पसरून, अर्धवट निजल्यासारखा बसतो. मग ही यंत्रे बसवायची कशी?

श्रोतेहो, आंबा घाटात एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, की फळीवरचा डबा पुढच्याच्या डोक्यात येतो. ग्लायडर शेतात उतरून बांधाला अडकले तर तेच होते, पण कैक पटीने. युरोपातल्या नियमांत हिशेब असा, की जवळची वस्तू पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या १५ पट ओढ सोसून जागेवर राहिली पाहिजे. म्हणजे अर्ध्या किलोचे यंत्र साडेसात किलोंचे होते, आणि पाठीमागची अडीच किलोंची बॅटरी साडेसदतीस किलोंची! ती सुटली तर थेट मानेवर येणार. नुसत्या वेलक्रोच्या पट्टीवर तिचा भरवसा कसा ठेवावा? धातूचा पट्टा आणि बोल्ट हवेत.

काचेच्या घुमटाला रबरी चोषकाने यंत्र चिकटवणे मला मुळीच पटत नाही. उन्हात पकड सुटते. शिवाय पॅराशूटने उडी मारायची वेळ आली, तर घुमट फेकून देताना त्याची तार आड येईल.

फ्यूज बॅटरीजवळच असावा. तो यंत्राजवळ लावला, तर मधली तार घासून उघडी पडल्यावर तिला कोण आवरणार? लाऊडस्पीकरमध्ये चुंबक असतो, तो होकायंत्रापासून दूर ठेवावा. यंत्र चालू-बंद करून सुई हलते का, तेही बघावे. मग पॅराशूट लावून, पट्टे आवळून बसावे आणि दांडा व पेडल शेवटपर्यंत फिरवून पाहावीत. गुडघा किंवा दांडा कशालाही अडता कामा नये.

ॲल्युमिनियमचा कंस आपल्या उद्यमनगरात कोणीही सुबक करून देईल. पण भोक पाडण्याआधी परवानाधारक इंजिनिअरला दाखवावे, कारण वजन वाढले की तोलही बदलतो. आणि मोबाईल? तो चेनच्या खिशात, चेन लावून.