माथेरानचा राऊंड मारताय? अर्ध्यावर एक मीटिंग घ्या!

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये प्लॅन शिजतो. ‘रविवारी माथेरान?’ ‘डन!’ हिल स्टेशनच तर आहे, घोडे आहेत, चिक्की आहे, त्यात ट्रेक कसला, असं म्हणत मंडळी कॅनव्हासचे शूज घालून निघतात. पण बाजारपेठ मागे टाकून पठाराच्या कडेकडेने पूर्ण चक्कर मारायची ठरवली, की माथेरान आपला खरा रंग दाखवतं. लाल मातीची वाट, डोक्यावर जांभळीची सावली, थोडं चाललं की एक पॉइंट आणि खाली थेट दरी. चढ-उतार बेताचे, अंतर मात्र भरपूर!

दोन वर्षांपूर्वी आमचा सात जणांचा ग्रुप असाच निघाला. सोबत टीम लीडर आणि जॉइन होऊन जेमतेम महिना झालेली एक ट्रेनी. अलेक्झांडर पॉइंटलाच तिचा नवा बूट चावायला लागला. ‘सगळे ओके ना?’ सरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही. वन ट्री हिलला तिने बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजला होता. लंगडत लंगडत मधल्या रस्त्याने बाजार गाठला, तिला घोड्यावर बसवलं, पण दस्तुरी नाक्याला पोचेपर्यंत मोबाइलचे टॉर्च लावावे लागले.

लूपचा फंडा

गडावर आल्या वाटेने परत जायचं असतं. दमलात? फिरा मागे, चाल वाचली. लूपचं तसं नाही. अर्ध्यापर्यंत मागे फिरणं स्वस्त, त्यानंतर मागे काय नि पुढे काय, तंगडतोड सारखीच. म्हणून ‘जमतंय की नाही’ हा निर्णय अर्धं अंतर व्हायच्या आत घ्यायचा.

गणित मांडा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा ठोकताळा दिला: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. ही चाल सवयीच्या माणसाची. आपण आठवडाभर खुर्चीत बसणारी जनता, त्यात फोटोसेशन; तेव्हा ताशी 3 किलोमीटरच धरा. दस्तुरी ते बाजार येऊन-जाऊन सुमारे 6 किलोमीटर. सगळ्या पॉइंटांसकट दिवसाची चाल 15 च्या आसपास धरून चाला. म्हणजे पाच तास चालणं, दीड तास खाणं-टेकणं. दस्तुरीहून नऊला निघालात तर साडेतीनला परत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी अडीच तास शिल्लक. पण अकराला निघालात तर साडेपाच वाजणार, आणि एकाचा जरी पाय मुरगळला तरी अंधार गाठणार. सीएसएमटीहून नेरळ लोकलने सुमारे दोन तासांवर, पुढे दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी. सकाळी सहाच्या आसपासची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची, बस्स!

वाट अशी

बाजारातून आधी पूर्वेची कड घ्या: खंडाळा पॉइंट, अलेक्झांडर, रामबाग, मग दक्षिण टोकाला चौक पॉइंट. तिथून वन ट्री हिल, आणि पश्चिमेच्या कडेने शार्लोट लेक, एको, लुईझा करत परत बाजार. शार्लोट लेकचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, तेव्हा उतरायचं नाही. वाटेत घोडा आला तर नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात कडे निसरडे होतात आणि धुक्यात पुढचं दिसत नाही.

सॅकमध्ये काय?

माणशी दोन लिटर पाणी, ठेपले किंवा पोळीभाजीचा रोल, बँडेजच्या पट्ट्या, जादा मोजे, टॉर्च. मोबाइलची रेंज दगा देते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं टपलेली असतात. आणि नवे बूट? आधी आठवडाभर ऑफिसला घालून जा!

अर्ध्यावरची मीटिंग

रामबाग पॉइंटला दहा मिनिटं बसा. इथून मधल्या रस्त्यांनी बाजाराकडे वळणं अजून सोपं आहे. आता ग्रुप लीडरने ‘सगळे ओके?’ असं घोळक्याला विचारायचं नाही. बॉससमोर ‘नाही’ म्हणायची हिंमत ऑफिसात होत नाही, ती जंगलात कुठून येणार? एकेकाच्या शेजारी बसा, विचारा: पाय कसे आहेत? पाणी किती उरलंय? आणि सुरुवात स्वतःपासून करा. ‘माझे गुडघे बोलतायत यार,’ असं बॉसच म्हणाला, की बाकीच्यांची तोंडं आपोआप उघडतात. कुणीही ‘नको’ म्हटलं तर सगळे मिळून वळा. एकट्याला पाठवायचं नाही, आणि सोमवारी चिडवायचंही नाही.

आमची ती ट्रेनी गेल्या डिसेंबरात पुन्हा आली. या वेळी लीडर तीच होती. रामबागला तिने पहिला प्रश्न सरांना विचारला, ‘सर, खरं सांगा, बूट चावतायत का?’

सर हसले, आणि बूट काढून बसले. लुईझा पॉइंट राहिला. चिक्की मात्र दुप्पट घेतली!